अमानत आणि अनामत : तापीकाठचा एक हिशेब

रमजानचा तिसरा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की चोपड्यातल्या मुस्लिम घरांत हिशेबाला बसायची वेळ होते. दिवसभराचा रोजा, सायंकाळचा इफ्तार, रात्रीची तरावीहची नमाज, आणि मग वही-पेन. घरात सोने-चांदी किती, दुकानात विक्रीचा माल किती, बँकेत शिल्लक किती, कुणाकडून येणे आणि कुणाचे देणे. देणे वजा करून उरलेली रक्कम निसाबापेक्षा जास्त असेल आणि तिला चांद्र वर्ष पूर्ण झाले असेल, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, गरजूंचा. निसाब म्हणजे किमान मर्यादा. आपल्याकडे ती ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी अशी धरतात. ही झाली जकात. जकात देणारा घेणाऱ्यावर उपकार करत नाही. त्याच्या मालाची त्याने एवढे दिवस राखण केली होती, आता तो माल ज्याचा त्याला पोचवायचा, एवढाच त्यातला भाव.

गावाचे नावही या कामाला शोभणारे आहे. गुजरातीत चोपडा म्हणजे हिशेबाची वही. खानदेशातले गुजराती व्यापारी दिवाळीला चोपडापूजन करतात, नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात. वहीसमोर हात जोडणे आणि वहीत खोटे न लिहिणे, या दोन गोष्टी कुठल्याही धर्माच्या घरात एकत्रच शिकवल्या जातात.

गेल्या काही वर्षांत या वहीत नवे रकाने आले. मुले पुण्याला, बंगळूरूला, हैदराबादला संगणक कंपन्यांत लागली. ईदच्या आधी ट्रॅव्हल्सने गावी येतात, मांडीवर लॅपटॉप ठेवून सहरीपर्यंत काम करतात. मग बाप-लेकात संवाद होतो तो असा.

“अब्बा, शेअरवर जकात कशी काढायची?”

“ते मौलानासाहेबांना विचार बेटा. पण त्याआधी बघ, तो पैसा आला कुठून.”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मिळते, दुसऱ्याचे तसे मिळत नाही. उर्दूत त्यासाठी एक शब्द आहे, अमानत. दुसऱ्याची वस्तू, विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली. हाच शब्द मराठीत आला, अक्षरांची अदलाबदल झाली आणि ‘अनामत’ झाला. शाळेत, वसतिगृहात, निवडणुकीच्या अर्जासोबत आपण अनामत रक्कम भरतो, तेव्हा नकळत तोच शब्द वापरत असतो. जे आपल्याकडे आहे ते आपले की आपल्याकडे ठेवलेले, हा प्रश्न दोन्ही भाषांत एकच आहे.

संगणक उद्योगातल्या एका माणसाने या प्रश्नावर आयुष्यभर विचार केला, आणि त्याच्या कंपनीचा जन्म चोपड्याच्या शेजारचा आहे. चोपड्याहून दक्षिणेला निघून तापी ओलांडली की अमळनेर. माणसाचे नाव अझीम प्रेमजी.

शेंगदाण्यापासून संगणकापर्यंत

अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांचे, प्रताप मिलचे, साने गुरुजींचे गाव. गुरुजी इथल्या शाळेत १९२४ ते १९३० शिक्षक होते. मराठी वाचकांसाठी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिणारे साने गुरुजी तेच. या गावात २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू केली. घराण्याचा मूळ धंदा तांदळाचा. खानदेशात शेंगदाणा मुबलक होता, आणि सुरत-भुसावळ रेल्वे गावातून जात होती. शेंगदाण्याच्या तेलात हायड्रोजन वायू मिसळून त्याचे घट्ट वनस्पती तूप करायचे, तेल शुद्ध करताना जो गाळ उरतो त्यापासून कपडे धुण्याचा साबण करायचा. साबणाच्या वडीवर ‘७८७’ हा आकडा असे. इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांतून पुढे ‘विप्रो’ हा शब्द तयार झाला.

कंपनीने भांडवलासाठी लोकांना शेअर विकले, ते अमळनेरच्या दुकानदारांनी आणि शेतकऱ्यांनीही घेतले. शेअर म्हणजे काय हे तेव्हा गावाला नवे होते. अनेक घरांनी ते कागद विकले नाहीत, पेटीत ठेवून दिले. पुढे बोनसवर बोनस मिळत गेले, एका शेअरचे हजारो झाले, आणि लेकीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराचे बांधकाम त्यावर उभे राहिले. अमळनेरचे ‘विप्रोवाले करोडपती’ हा आता जिल्ह्यातल्या गप्पांचा जुना विषय आहे.

ऑगस्ट १९६६ मध्ये मोहम्मद हाशम यांचे अचानक निधन झाले. अझीम तेव्हा एकवीस वर्षांचे होते, अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होते. शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. पदवी त्यांनी पूर्ण केली ती तीस वर्षे उलटून गेल्यावर. भागधारकांच्या त्यांच्या पहिल्याच सभेत एकाने उभे राहून सुनावले की हा कारभार या पोराला झेपायचा नाही, त्याने वाटा विकून मोकळे व्हावे. पोराने वाटा विकला नाही. शेंगदाणा चावून अंदाजाने भाव ठरवायची रीत होती, ती मोडून त्याने मोजमापावर खरेदी आणली. शेतकऱ्याच्या मालाचे माप खरे असणे ही धंद्याची पहिली अमानत. माप आणि तोल याबद्दल कुराणातही स्पष्ट ताकीद आहे, आणि बाजार समितीत गाडी घेऊन उभ्या राहिलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला तिचे मोल कळते.

संगणकाचा मार्ग राजकारणाने उघडला. परकीय चलन नियमन कायद्यानुसार विदेशी कंपन्यांना भारतातला हिस्सा कमी करावा लागणार होता. ते मान्य नसल्याने जनता सरकारच्या काळात, १९७७ मध्ये आयबीएमने देश सोडला. देशात संगणक तर हवे होते, बनवणारे थोडे होते. १९८० च्या सुमारास विप्रोने बंगळूरूत या कामाला हात घातला. तूप-साबणाची कंपनी आधी यंत्रे आणि मग सॉफ्टवेअर करू लागली. २००० मध्ये तिचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात पोचले. आज साबण-तेलाचा धंदा विप्रो एंटरप्रायझेस या वेगळ्या कंपनीकडे आहे.

घराने दिलेले दोन धडे

या घराची राजकारणाशी पहिली गाठ पडली ती फाळणीच्या वेळी. मोहम्मद अली जिना यांनी मोहम्मद हाशम प्रेमजींना पाकिस्तानात येण्याचे निमंत्रण दिले होते. त्यांनी ते स्वीकारले नाही. अमळनेरचा कारखाना तेव्हा जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांचा. असे नकार खानदेशातल्या कितीतरी साध्या घरांनीही दिले. त्यांची नोंद कुठे झाली नाही, कारण ती घरे श्रीमंत नव्हती. विणकर, पिंजारी, तांबोळी, बागवान आपापल्या गल्लीत राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडले. त्यांच्या दृष्टीने तो निर्णयही नव्हता, नेहमीचा दिवस होता.

दुसरा धडा आईचा. डॉ. गुलबानू प्रेमजी यांनी मुंबईत पोलिओ आणि मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांसाठी अस्थिरोग रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला आणि आयुष्याचा मोठा भाग त्या कामाला दिला. पैशाची चणचण असतानाही काम थांबू दिले नाही. अझीम प्रेमजींनी २०१३ मध्ये ‘गिव्हिंग प्लेज’ या जागतिक संकल्पपत्रावर सही केली. संपत्तीचा निम्म्याहून अधिक भाग समाजाला देण्याची ही प्रतिज्ञा करणारे ते पहिले भारतीय. त्यावेळच्या पत्रात त्यांनी आपल्यावरचे दोन ठसे सांगितले, एक आईचा, दुसरा गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेचा. धनवानाने स्वतःला मालक न समजता विश्वस्त समजावे, हा गांधीजींचा विचार. याच जिल्ह्यात, फैजपूरला, डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले, त्याला गांधीजी आले होते. विश्वस्त हा संस्कृत शब्द आणि अमीन हा अरबी शब्द शेजारी ठेवून पाहावेत. अमीन म्हणजे अमानत सांभाळणारा. प्रेषित मुहम्मदांना नुबुव्वत मिळण्याच्या आधीपासून मक्केचे लोक याच नावाने ओळखत, कारण ते दुसऱ्याची ठेव जशीच्या तशी परत करत.

प्रेमजींनी जे दिले त्याला जकात म्हणता येणार नाही. त्यांनी स्वतः तसे म्हटलेले नाही, आणि जाहीर आयुष्यात स्वतःची ओळखही धर्माने करून दिलेली नाही. ‘आपला माणूस’ म्हणून त्यांना मिरवणारे किंवा ‘त्यांचा माणूस’ म्हणून दूर ठेवणारे, दोघांनाही त्यांनी काम दाखवले. मार्च २०१९ मध्ये त्यांनी विप्रोतले आणखी ३४ टक्के शेअर, तेव्हाच्या भावाने ५२,७५० कोटी रुपयांचे, सामाजिक कामाला वाहिले. त्यामुळे एकूण दान १ लाख ४५ हजार कोटींवर गेले आणि विप्रोच्या ६७ टक्के शेअरचा आर्थिक लाभ त्या कामाच्या वाट्याला आला. जकातीचा हिस्सा चाळिसावा असतो, इथे तीन भागांतले दोन भाग गेले. २०२०-२१ या एका वर्षात त्यांचे दान ९,७१३ कोटी होते, म्हणजे दिवसाला सुमारे २७ कोटी.

पैसा गेला कुठे, हेही पाहायला हवे. २००१ मध्ये सुरू झालेले अझीम प्रेमजी फाउंडेशन मुख्यतः सरकारी शाळांसोबत, तिथल्या शिक्षकांसोबत काम करते. झगमगीत खासगी शाळांची साखळी काढणे सोपे होते. गरिबाचे मूल ज्या शाळेत जाते तीच शाळा सुधारायची हे अवघड आणि संथ काम त्यांनी निवडले. २०१० मध्ये बंगळूरूला विद्यापीठ झाले, नंतर भोपाळला. २०२४ मध्ये कर्नाटकातल्या सरकारी शाळांतील मुलांना आठवड्याचे सहा दिवस अंडे मिळावे म्हणून तीन वर्षांसाठी सुमारे १,५०० कोटींचा करार झाला. रोजच्या एका अंड्याची किंमत उपाशी पोटी फळा पाहणाऱ्या मुलाला विचारावी, आणि रोजा धरलेल्यालाही ती थोडीफार कळते.

राजकारणावर कधी बोलायचे?

व्यापारी माणूस राजकारणावर बोलत नाही. सरकार कुठलेही असो, त्याला परवाने लागतात, जमीन लागते. प्रेमजीही कमी बोलणारे. पण जे बोलले त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

जानेवारी २०११ मध्ये देशातल्या १४ नामवंतांनी नेत्यांना जाहीर पत्र लिहिले. माजी न्यायमूर्ती, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, उद्योजक अशी ती मंडळी. कारभारातली पोकळी आणि भ्रष्टाचार हा पत्राचा विषय. सही करणाऱ्यांत प्रेमजी होते. तेव्हा केंद्रात काँग्रेसच्या नेतृत्वाखालचे सरकार होते.

एप्रिल २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय सेवा भारतीचा मेळावा झाला. ही संघ परिवारातली संस्था. प्रेमजी तिथे बोलायला गेले. जाऊ नका, संघाच्या विचारांना मान्यता दिल्यासारखे होईल, असे काहींनी सुचवले होते, हे त्यांनी व्यासपीठावरूनच सांगितले. एखाद्याच्या व्यासपीठावर जाणे म्हणजे त्याच्या सर्व विचारांना होकार देणे नव्हे, ही त्यांची भूमिका. ती अनेकांना पटली नाही. पण पंगतीला बसून मतभेद ठेवता येतात, हे इफ्तारला येणाऱ्या हिंदू शेजाऱ्याला आणि गणपतीच्या आरतीला उभ्या राहणाऱ्या मुस्लिम शेजाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट मे २०२० ची. टाळेबंदी होती आणि रमजानही होता. ८ मे, शुक्रवार. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर रुळावरून पायी निघाले होते. त्यांना भुसावळ गाठायचे होते, तिथून गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने. करमाडजवळ थकून ते रुळावरच झोपले आणि पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. भुसावळ म्हणजे आपला जिल्हा, ते आपल्याच दारी यायला निघाले होते. त्याच महिन्यात प्रेमजींनी एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकात लेख लिहिला. सुरुवातच या सोळा मृत्यूंनी केली, आणि त्यांचे मूळ आपण सगळ्यांनी मिळून उभ्या केलेल्या समाजात आहे असे म्हटले. तेव्हा काही राज्ये उद्योगांना चालना म्हणून कामगार कायदे गुंडाळून ठेवत होती. मागणी उद्योजकांच्या बाजूची, तरी देशातल्या मोठ्या मालकांपैकी एकाने तिला विरोध केला. कायदे सैल केल्याने गरिबाचे हाल वाढतील, उद्योगाचे भले होणार नाही, असे त्यांनी लिहिले. त्याआधी, एप्रिलच्या पहिल्याच दिवशी, विप्रो आणि फाउंडेशनने मिळून साथीच्या मदतीसाठी १,१२५ कोटी जाहीर केले होते.

आधी दिले, मग बोलले. गंमत म्हणजे तिन्ही वेळा त्यांच्यावर रागावणारे लोक वेगवेगळे होते.

मापाची दुसरी बाजू

हिशेब खरा ठेवायचा तर दुसरे पानही वाचावे लागते. जुलै २०१९ च्या अखेरीस अझीम प्रेमजी कार्यकारी अध्यक्षपदावरून निवृत्त झाले आणि थोरले चिरंजीव रिशद यांच्याकडे अध्यक्षपद गेले. शेअरचा लाभ शाळांकडे गेला, पण कंपनीची सूत्रे घरात राहिली. यात विसंगती पाहणारे आहेत. विश्वस्तपद वारशाने यावे का, हा प्रश्न दर्ग्यापासून देवस्थानापर्यंत आणि शिक्षण संस्थेपासून पतपेढीपर्यंत आपल्याकडे सगळीकडेच आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे सांगितले. ते कामावर असताना गुपचूप दुसऱ्या कंपन्यांचेही काम करत होते. रिशद प्रेमजींनी त्याला सरळ फसवणूक म्हटले. कामाचा वेळ ही मालकाची अमानत, हा मुद्दा नाकारता येत नाही. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये याच कंपनीने, वर्षाला साडेसहा लाख पगाराचे पत्र देऊन महिनोन्‌महिने थांबवून ठेवलेल्या नव्या पदवीधरांना साडेतीन लाखांवर येता का, अशी विचारणा केली. कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्यावर टीका केली. तरुणाने कंपनीला दिलेला शब्द अमानत असेल, तर कंपनीने तरुणाला दिलेले पत्र काय मानायचे?

चोपड्यासारख्या गावात हा प्रश्न चर्चेपुरता राहत नाही. इथे मुलाच्या अभियांत्रिकीसाठी शेत गहाण पडते, आईच्या बांगड्या जातात. केळीचा भाव पडलेल्या वर्षी पगाराच्या त्या पत्रावर घर वर्षभर तग धरते. साडेसहा आणि साडेतीन यांमधल्या तीन लाखांत बहिणीची फी असते, वडिलांच्या डोळ्याचे ऑपरेशन असते. अमानत दोन्ही बाजूंनी सांभाळायची असते. मोठ्या दानाने लहान वचनाची फेड होत नाही, हेही त्याच तत्त्वातून निघते.

घरात पाठवलेले पैसे

जकातीच्या नियमांत एक गोष्ट आहे, ती दूरच्या शहरात काम करणाऱ्या प्रत्येक मुलाला ऐकवण्यासारखी आहे. जकात आई-वडिलांना देता येत नाही, मुलाबाळांनाही देता येत नाही. गरजू भावाला, बहिणीला, मावशीला देता येते, शेजाऱ्याला देता येते. आई-वडिलांना का नाही? कारण त्यांना सांभाळणे हे मुळातच आपले कर्तव्य आहे, ते दानाच्या खात्यावर लिहायचे नाही. बंगळूरूहून दर महिन्याला अब्बांच्या खात्यावर रक्कम टाकणाऱ्या मुलाने ती पुण्याच्या रकान्यात मांडू नये, एवढाच या नियमाचा व्यवहारी अर्थ. त्या रकमेचा हिशेब वेगळा, आणि त्यात वेळही मोजला जातो. वर्षातून किती इफ्तार घरच्या दस्तरखानावर झाले आणि किती मोबाइलच्या पडद्यावर, हे विचारणारा रकाना कुठल्याच वहीत नाही.

एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी परदेशातून परतले तेव्हा त्यांनाही घराच्या हाकेला ओ द्यावी लागली. त्यातून त्यांना केवढी कंपनी उभी करता आली हे जगाला दिसले. चोपड्याच्या गल्लीत परतणाऱ्या मुलाला कंपनी नाही, एखादे किराणा दुकान किंवा दोन बिघे केळी सांभाळायची असते. माप मात्र तेच. शेतकऱ्याचा शेंगदाणा खरा तोलला का? नोकराला ठरलेला पगार ठरल्या दिवशी दिला का? जे उरले त्यात दुसऱ्याचे किती?

ईदचा चंद्र दिसायला आता थोडे दिवस राहिले आहेत. जकातीची यादी बनते आहे, त्यात काही नावे दरवर्षीची आहेत, काही नवी. फितरा ईदच्या नमाजेआधी पोचायला हवा, त्याला उशीर चालत नाही. वही मिटण्याआधी मुलगा विचारतो, “अब्बा, बाकी काही राहिले का?” अब्बा चष्मा पुसतात आणि मागच्या पानावर जातात. तिथे पेन्सिलने एक नाव आणि एक रक्कम लिहिलेली असते. गल्लीतल्या कुणी चार वर्षांपूर्वी दुकान भाड्याने घेताना दिलेली अनामत. भाडेकरू गाव सोडून गेला, परत मागायला आला नाही.

“याचा पत्ता काढ,” अब्बा म्हणतात. “जकातीच्या आधी हे.”